फोन वाजेपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

गेल्या दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुटीसाठी घरी आलेला. तो संगणकासमोर बसला होता. पडद्यावर उंच झाडांचे रान, एक साधे घर आणि अंगणात कुऱ्हाडीने लाकडे फोडणे चाललेले. मी थोडा वेळ पाहत राहिलो आणि विचारले, "अरे, हा मोटारीचा खेळ ना? मग मोटार कुठंय?"

"गॅरेजला टाकलीय, मामा. फोनची वाट बघतोय."

"मग लाकडं कशाला फोडतोयस?"

"फोन येईपर्यंत दुसरं काय करणार? आणि पुढच्या पार्टसाठी पैसेही जमवायचेत."

मला हसू आले. खऱ्या आयुष्यात गॅरेजवाल्याच्या फोनची वाट पाहून आपला जीव अर्धा होतो. ती वाट माणूस करमणूक म्हणून, स्वतःच्या खुशीने पाहतो? पण हसता हसता जुनी गोष्टही आठवली. हाच मुलगा सातवीत असताना याच घरात, वाट पाहण्यावरूनच, मोठी रडारड झाली होती. ती गोष्ट पुढे सांगतो. तिच्यामुळेच हा विषय डोक्यात घोळत राहिला आणि आज आपल्यासमोर बोलायला बसलो.

आधी हा खेळ समजून घेऊ. त्याचे नाव 'माय समर कार'. फिनलंडमधल्या योहानेस रोयोला यांच्या अमिसटेक या छोट्या संस्थेने तो तयार केला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला. खेळणाऱ्यांच्या सूचना आणि तक्रारी ऐकत त्यावर काम चालू राहिले आणि पूर्ण झालेली आवृत्ती निघाली २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे वाट पाहायला लावणाऱ्या या खेळाची त्याच्या गिऱ्हाइकांनी आठ वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली!

खेळातला काळ १९९५ चा उन्हाळा, जागा फिनलंडमधले खेडे. आई-वडील सुटीसाठी तेनेरीफ बेटावर गेले आहेत. घरी एकटा तरुण मुलगा आहे आणि गॅरेजात एक जुनी मोटार, सगळे भाग सुटे केलेली. ही मोटार जोडून रस्त्यावर आणायची, एवढेच काम. खेळात तिचे नाव सात्सुमा असले तरी जाणकार तिला पाहताक्षणी ओळखतात. ती आहे डॅटसन १०० ए. हजार सीसीलाही थोडे कमी पडणारे इंजिन असलेली ही छोटी जपानी गाडी १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये भरपूर खपली होती. तिथल्या कितीतरी घरांत आजही तिची आठवण निघते, जशी आपल्याकडे पद्मिनीची निघते.

जोडायची म्हणजे खरोखर जोडायची. क्रँकशाफ्ट, पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर एकेक करून बसवायचे. प्रत्येक बोल्टला त्याच्या मापाचा पाना लावायचा आणि तो आवळायचा. एखादा सैल राहिला तर भर रस्त्यात तो भाग गळून पडतो. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल विसरलात तर त्याची शिक्षा वेगळी. हे करताना खेळातल्या मुलाला भूक लागते, तहान लागते, झोप येते, अंग मळते, वैताग चढतो. मग जेवायचे, सौनात बसून घाम गाळायचा, अंघोळ करायची. बेदरकारपणे गाडी हाकली तर अपघात होतो आणि त्यात तो मुलगा मरतो. सुरुवातीलाच तसे ठरवले असेल, तर तो मेला की सारी मेहनतही त्याच्याबरोबर जाते.

आता मुद्द्याचे. सगळीच कामे घरी होत नाहीत. समोरची काच फुटली, पत्र्याला पोचे आले, गाडी रंगवायची आहे, चाकांचे अलाइनमेंट करायचे आहे, गिअरचे गुणोत्तर बदलायचे आहे, तर फ्लीटारी नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजला जावे लागते. गाडी तिथे न्यायची, कामांच्या यादीतले हवे ते निवडायचे आणि गाडी सोडून यायचे. परत कसे यायचे हाही प्रश्नच. पायी, नाही तर दुसरे काही साधन जमवून. काम झाले की घरचा फोन वाजतो. तोही साधा, तारेचा फोन. त्याचे बिल थकले असेल तर तो बंद होतो, म्हणजे निरोपही बंद.

सुट्या भागांचेही तेच. छापील यादी पाहून मागणी लिहायची, पाकीट गावच्या दुकानातल्या टपालपेटीत टाकायचे आणि पार्सल कधी येते म्हणून थांबायचे. दुकानदार तेइमो, तोच टपालवाला. रविवारी त्याचे दुकान बंद. पार्सल आले की पैसे मोजून माल घ्यायचा.

भाच्याला मी विचारले, "एखादी कळ दाबून वेळ पुढे ढकलता येत नाही का?" तो म्हणाला, "झोपलं की वेळ जातो. पण झोप आल्याशिवाय झोपता येत नाही." मला ही अट फार आवडली. उशीर झाला म्हणून कोणाला विनवता येत नाही आणि खिशात हात घालून घाईही विकत घेता येत नाही.

खेळ रचणाऱ्याने हे असे का केले असेल? पडद्यावर सगळे एका क्षणात होऊ शकते. संगणकाला काच बदलायला वेळ लागत नाही. उत्तर शोधायचे तर आधी खऱ्या गॅरेजात डोकावले पाहिजे. तिथे आपण का थांबतो?

आपली समजूत अशी की मिस्त्री आळशी असतो किंवा थापा मारतो. "उद्या संध्याकाळी घेऊन जा," असे तो म्हणतो आणि तो उद्या चार दिवसांनी उगवतो. काही मिस्त्री थापा मारतात हे खरे. पण सरळमार्गी मिस्त्रीचेही वायदे चुकतात आणि त्यामागे गणित आहे. या गणिताचा पाया घातला आग्नेर क्रारूप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. लोक कधीही फोन उचलतात, कितीही वेळ बोलतात, मग तारा किती ठेवल्या म्हणजे कोणाला फार ताटकळावे लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. टेलिफोनवरची वर्दळ मोजण्याच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

ते गणित गॅरेजला लावून पाहू. एकच मिस्त्री आहे. एका गाडीला सरासरी एक तास लागतो, पण एखादी दहा मिनिटांत सुटते आणि एखादी तीन तास खाते. गिऱ्हाइके वेळ ठरवून येत नाहीत, कधीही येतात. मिस्त्री दिवसाचा निम्मा वेळ कामात असेल, तर तुमच्या गाडीला हात लागेपर्यंत सरासरी एक तास जातो. तो ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर चार तास. नव्वद टक्के असेल तर नऊ तास! पंच्याण्णव टक्क्यांना एकोणीस. काम थोडेसेच वाढले, ताटकळणे मात्र अनेक पटींनी वाढले. म्हणून ज्याच्या हाताला गुण आहे, ज्याच्याकडे सगळे जातात, त्याच्याच दारात सगळ्यांत जास्त थांबावे लागते. मिस्त्रीने बसून राहायचे नाही आणि गिऱ्हाइकाने थांबायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. आपण थांबतो ते आपल्यापुढे आणखी माणसे असतात म्हणून, आणि मिस्त्रीला दोनच हात असतात म्हणून.

याला दुसरी बाजू आहे ती मनाची. डेव्हिड मायस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. तो अजून वाचला जातो, कारण त्यातले प्रत्येक विधान आपल्याला स्वतःवरून पटते. हाताला काम असेल तर थांबण्याचा वेळ कमी वाटतो, रिकामा वेळ लांबतो. किती थांबायचे ते ठाऊक असेल तर बरे, नसेल तर तोच वेळ दुप्पट भासतो. उशिराचे कारण कळले तर राग कमी येतो. आपल्यामागून आलेला पुढे गेला, की पाच मिनिटेही सोसत नाहीत. काळजीने ग्रासलेला माणूस घड्याळाकडे पाहतो आणि काटा हलत नाही. म्हणजे थांबणे दोन प्रकारचे असते. एक घड्याळातले आणि एक मनातले. पहिले मिस्त्रीच्या हातात नसेल कदाचित. दुसरे बरेचसे असते. "साहेब, पार्ट आलेला नाही, परवा येईल," एवढा एक खरा फोन केला तरी पुष्कळ काम होते.

आता पुन्हा खेळाकडे. फ्लीटारीच्या गॅरेजात तुमच्यापुढे रांग नाही. आगाऊ दिलेले वायदे नाहीत, थकलेले हात नाहीत. तिथे तुम्हाला थांबावे लागते ते कोणीतरी ठरवून लिहिले आहे म्हणून. खऱ्या गॅरेजातला उशीर आपोआप तयार होतो, खेळातला उशीर कोणीतरी बनवतो. आणि बनवलेली वस्तू समोर आली की विचारायला हवे, ही कशासाठी बनवली?

हा प्रश्न विचारायचे कारण, असा उशीर बनवून विकण्याचा धंदा मोबाइलवरच्या खेळांनी जोरात केला. त्यातले गाजलेले उदाहरण 'रिअल रेसिंग ३'. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला फायरमंकीज नावाची संस्था आहे. तिने केलेला हा शर्यतीचा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या अमेरिकन कंपनीने २०१३ च्या फेब्रुवारीत आणला. आधीचे दोन भाग विकत घ्यावे लागत; हा फुकट होता. चित्रे इतकी सुंदर की फोनवर असे काही दिसू शकते यावर विश्वास बसू नये. पण शर्यती धावता धावता गाडी झिजे. ऑइल, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन, सगळ्यांची सर्व्हिसिंग करावी लागे. सर्व्हिसिंगला वेळ लागे, तोही खेळातला नव्हे, आपल्या घड्याळातला. गाडी गॅरेजात असेपर्यंत ती पळवता येत नसे. थांबायचे नसेल तर सोन्याची नाणी मोजायची. ती खेळून थोडी मिळत आणि खऱ्या पैशाने हवी तेवढी मिळत. खेळाचे परीक्षण करणाऱ्यांनी त्यावर तेव्हा कडक टीका केली. अनेकांचे म्हणणे एकच होते, की खेळ उत्तम आहे, पण तो खेळू दिला जात नाही.

या व्यवहाराकडे नीट पाहा. गॅरेजवाल्याला आपण पैसे देतो ते त्याच्या श्रमाचे आणि मालाचे. इथे कोणी पाना हातात धरलेला नाही. कोणाचे श्रम वाचवायचे नाहीत, कोणाला बाजूला सारून आपला नंबर पुढे घ्यायचा नाही. दार त्यांनीच लावले आणि दार उघडण्याचे पैसेही त्यांनीच मागितले.

आता सातवीतल्या भाच्याची गोष्ट. तो खेळ हा नव्हता, दुसराच होता, पण जात हीच. आईचा फोन त्याच्या हातात असे आणि त्या फोनला आईचे कार्ड जोडलेले होते. गाडी दुरुस्तीला गेली की पडद्यावर उलटे मोजणारे घड्याळ येई आणि त्याच्या शेजारी चकाकते बटण. मित्र पुढे जात होते. याने बटण दाबले. पुन्हा दाबले. महिन्याचे बिल आले तेव्हा काही हजारांचा आकडा पाहून बहीण हबकलीच. तिला वाटले, कार्ड कोणी तरी चोरून वापरले. मग उलगडा झाला, मार बसला, रडणे झाले. त्या वेळी तो एक वाक्य म्हणाला ते माझ्या कायमचे लक्षात राहिले. "आई, मी काहीच विकत घेतलं नाही गं. मला फक्त थांबायचं नव्हतं."

पोरगा खरे बोलत होता. त्याने वस्तू घेतलीच नव्हती. आणि तो एकटाही नव्हता. अमेरिकेत अशा तक्रारी इतक्या साचल्या की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यात हात घातला. पालकांच्या संमतीवाचून मुलांनी ॲपमध्ये केलेल्या खरेदीबद्दल २०१४ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलरचे. ही रक्कम केवळ शर्यतीच्या खेळांची नव्हे, सगळ्याच प्रकारच्या ॲपमधली आहे. पण मुलाच्या बोटाला आणि आईच्या कार्डाला जोडणारी वाट किती गुळगुळीत होती, ते त्यावरून कळते. पुढे पासवर्ड विचारण्याचे नियम कडक झाले. पालकांनी आपल्या फोनमध्ये ती सोय चालू आहे का, हे आजही एकदा तपासून घ्यावे.

मग फ्लीटारीच्या गॅरेजातला उशीर कशासाठी बनवला? मला सापडलेले उत्तर असे. तो उशीर विकायला नाही, भरायला आहे.

गाडी गॅरेजात असताना तो मुलगा काय काय करतो? लाकडे फोडून ट्रॅक्टरने पोचवतो. फोनवर कोणी मैल्याची टाकी उपसायला बोलावले तर टँकर घेऊन जातो आणि चार पैसे मिळवतो. तळ्याकाठी हिंडतो, सौना तापवतो. घर, दुकान, रस्ते, शेजारी, सगळी वस्ती त्याला कळते ती याच मधल्या वेळात. गाडी नसतानाच त्या रस्त्यांची लांबी पायांना समजते. मग फोन वाजतो, रंगवलेली गाडी मिळते, आणि तेच अंतर मिनिटांत कापताना जी मजा येते ती आधी चाललेल्यालाच येते. मायस्टर यांच्या लेखातले पहिले सूत्रच हे आहे, की हाताला काम असले की वाट लांबत नाही. मोबाइलच्या खेळाने नेमके उलटे केले. हाताला काम ठेवले नाही, समोर घड्याळ ठेवले आणि शेजारी बटण.

आणि हा काळ, ही जागा उगाच निवडलेली नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी फिनलंडवर मोठी मंदी कोसळली होती. १९९० मध्ये तीन-साडेतीन टक्के असलेली बेकारी १९९४ पर्यंत सोळा टक्क्यांच्या पुढे गेली. १९९५ मध्ये देश युरोपीय संघात गेला खरा, पण खेड्यापाड्यांत त्याने लगेच काय बदलणार? देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठा आणि लोकसंख्या तेव्हा जेमतेम एक्कावन्न लाख. अशा ठिकाणी मोटार ही चैन नसते, पाय असतात. नवी घेणे परवडत नाही म्हणून जुनीच जोडायची, पार्ट टपालाने मागवायचा, गावात जो एक मेकॅनिक असेल त्याच्या सवडीने घ्यायचे. त्या जगण्यातला उशीर काढून टाकला असता तर ते जगणेच खोटे झाले असते.

म्हणून वाटते, वाट पाहणे वाईट की चांगले, हा प्रश्नच अपुरा आहे. वाट तीन प्रकारची. माणसांच्या गर्दीतून आपोआप उभी राहते ती एक. तिच्याशी जुळवून घ्यावे, आणि मिस्त्रीने एक खरा फोन करावा. आपल्या जगण्याला जागा मिळावी म्हणून कोणी मोकळी सोडलेली ती दुसरी. ती सुखाने घ्यावी. आणि आपल्याच अधीरतेला गिऱ्हाईक करण्यासाठी बनवलेली ती तिसरी. ती मात्र ओळखता आली पाहिजे. ओळखायची खूण सोपी आहे. मी थांबलो तर कोणाचे काम होते आहे का, आणि मी पैसे मोजले तर कोणाचे श्रम वाढतात का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर फोन खाली ठेवावा आणि चहा टाकावा.

त्या दिवशी भाच्याच्या गाडीचा फोन काही आला नाही. बहिणीने जेवायला हाक मारली. मला वाटले, आता "पाच मिनिटं, आई" ऐकायला मिळणार. पण त्याने शांतपणे खेळ जपून ठेवला. त्या खेळात तो जपून ठेवायचा तर शौचालयात जावे लागते, हेही मला तेव्हाच कळले. मग संगणक बंद करून तो उठला.

मी म्हटले, "आणि गॅरेजवाल्याचा फोन आला तर?"

"करेल की पुन्हा," तो म्हणाला आणि ताटे घ्यायला स्वयंपाकघरात गेला.